तीस फूट

बुधवार लसीकरणाचा.
उपकेंद्राच्या पश्चिमेची भिंत
सकाळपासून ऊन पीत बसते
आणि तीननंतर ते व्हरांड्यात ओकते.
बाया पोरांच्या डोक्यावर पदर धरतात,
बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतात.
कांचन पराडकर म्हणाली,
सिस्टर, तापावरच्या गोळ्या कशाला देता,
एक झाड लावा.

मी उंडीचं रोप आणलं.
खाडीच्या तोंडाशी, वाळूत आपसूक रुजलेल्या बीचं.
पान जाड, तेल लावल्यासारखं चकचकीत.
पायरीपासून चार हातांवर चुन्याची खूण केली.
सावली दारातच हवी ना?

बाबल मेस्त्री पहार घेऊन आला.
खूण बघितली.
पहार भिंतीला टेकवून ठेवली.
"बाय, ह्यां झाड तुझ्याएवढांच ऱ्हवतलां काय?"

मग त्यानं वर बघितलं :
पन्हळ, कौलं, खांबावरून आलेली तार.
मग खाली बघितलं,
जिथं मला नुसता जांभा दिसत होता,
आणि चपलेच्या टोकानं एक चौकोन काढला.
"हय शोषखड्डो. मुळां पाण्याच्या वासार येतत."
त्याला ठाऊक होतं. तो त्यानंच बांधलेला.

नंतर चहा पिताना, न विचारता, सांगितलं :
वादळाच्या रात्री भावाच्या रांधपघरावर फणस आला.
वासे मोडले, चूल बुजली,
माणसं माजघरात होती म्हणून वाचली.
"फणसाचो काय दोष नाय. लावणारो मी.
तेव्हा माझ्या गुडघ्याएवढो होतो."
बशीतला चहा त्यानं बराच वेळ फुंकला.
तो कधीच निवला होता.

दोरी काढली. गाठी मोजल्या.
"चाळीस फूट उंच धर.
वीस फूट फांदयेचे.
धा वाऱ्याचे."
दोरी आवाराच्या पार कडेला, गडग्याजवळ जाऊन थांबली.

तीस फूट! मी म्हटलं,
तिथून सावली काय एसटीनं येणार?

तो काही बोलला नाही.
वीस फुटी बांबू आणून त्या जागी उभा केला,
बुडाशी तीन चिरे लावले
आणि पलीकडे कुणाच्या तरी गोठ्याच्या कामाला निघून गेला.

मी वजनं घेतली, थेंब पाजले, कार्डं भरली.
साडेतीनला बांबूची सावली
आवाराच्या मधोमध, कोंबड्यांच्या धुळीत.
चारला ती हापशाच्या ओट्यावर चढली.
नंतर चपलांच्या ढिगावर.
साडेचारला
एक काळी, बारीक, सरळ रेघ
पायरीला येऊन लागली.
कांचनच्या धाकट्यानं तिच्यावर पाऊल ठेवलं,
मांडीतली सुई विसरून,
आणि मग दुसरं.

खड्डा आषाढात खणला.
जांभा फोडायला दोन दिवस गेले.
रोपाची पिशवी कापली तर आत
मुळं गोल गोल फिरलेली, पिशवीच्याच आकाराची.
मेस्त्रीनं कोयत्याच्या टोकानं ती सोडवली, दोन छाटली.
मला कसंसंच झालं.
"पिशयेतली सवय मोडूक व्हयी.
नायतर झाड मोठां झालां की आपलोच गळो आवळतां."
त्याच बांबूच्या कामट्यांचं कुंपण केलं,
बकऱ्यांसाठी.

उंडी सावकाश वाढते.
दोन वर्षांत माझ्या खांद्याला लागली,
साडेचारची सावली अजून हापशापर्यंतही येत नाही.
माझी बदलीची ऑर्डर मात्र आली.

चार्ज देताना यादी केली :
शीतपेटी एक. वजनकाटा एक, तांगडी दुरुस्त केलेली.
बाक दोन.
उंडी एक, पायरीपासून अंतर तीस फूट.
नवी सिस्टर सही करता करता थांबली,
म्हणाली, एवढं लांब का?

मी शेवटी एक ओळ वाढवली,
मधल्या जागेत काही बांधू नये,
आणि तिला म्हटलं,
साडेचारपर्यंत थांब.